डॉ. ब्लुमबर्ग आणि बाळाची पहिली लस

डॉ. बरूच ब्लुमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. हाच दिवस आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

वैद्यकीय शिक्षण घेताना ते दक्षिण अमेरिकेतील सुरीनामला गेले होते. तिथे भारतीय, जावानीज, आफ्रिकी वंशाचे लोक एकाच परिसरात राहत. पण हत्तीरोगाची लागण सर्वांना सारखी होत नसे. एकाच आजाराने एक जण खंगतो आणि दुसरा सुटतो, हे कसे, हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही.

उत्तर शोधण्यासाठी ते देशोदेशीच्या लोकांचे रक्त तपासू लागले. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ मध्ये त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणून जाहीर केले. पुढे १९६७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ तरुणीला कावीळ झाली आणि तिच्या रक्तात तेच प्रथिन दिसले. ते हिपॅटायटिस बी विषाणूचे बाहेरचे आवरण होते. ती तरुणी पूर्ण बरी झाली.

ती बरी झाली, कारण हा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. शरीराच्या ‘टी’ पेशी बाधित पेशी ओळखतात, काहींना मारतात, तर काहींमधील विषाणू रसायने सोडून थोपवतात. कावीळ ही बहुधा याच लढाईची खूण असते. १०० प्रौढांपैकी सुमारे ९५ जण ही लढाई जिंकतात. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती मात्र या शत्रूला नीट ओळखतच नाही. कावीळ होत नाही, त्रास दिसत नाही. पण जन्मावेळी संसर्ग झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. पुढे यकृत आकसणे किंवा यकृताचा कर्करोग, हा धोका राहतो.

ब्लुमबर्ग यांनी सहकारी आयर्विंग मिलमन यांच्यासह १९६९ मध्ये त्याच आवरणापासून लस करण्याची पद्धत मांडली. लस शरीराला शत्रूची ओळख आधीच करून देते. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ५ एप्रिल २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

आज मारुंजी-हिंजवडी पट्ट्यात जन्मणाऱ्या बाळालाही ही लस मिळायला हवी, तीही जन्मापासून २४ तासांच्या आत. सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे. घरी जाण्यापूर्वी बाळाच्या लसीकरण कार्डावर तिची नोंद पाहून घ्यावी.