सलीम अलींची नोंदवही आणि माकडताप

पक्षी पाहणाऱ्या माणसाचा आणि तापाच्या साथीचा संबंध काय? डॉ. सलीम अलींच्या आयुष्यात हा संबंध वयाच्या साठीनंतर आला.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लवकर गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. दहा-बारा वर्षांच्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी मुलाला पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि नमुने जतन करायला शिकवले. पुढे प्राणिशास्त्राची विद्यापीठीय पदवी नसल्याने सरकारी नोकरी हुकली, पण पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय सुटली नाही. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याचे पक्षी सर्वेक्षण त्यांनी १९३१-३२ मध्ये केले.

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरू लागली. पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग शंका आली की, स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो भारतात आला असेल का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्यात आली. त्यांच्या अंगावरील गोचिडीही तपासल्या गेल्या. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही, पण त्यांच्या प्रवासाची मोलाची माहिती हाती आली.

उतारवयात त्यांनी केरळच्या सायलेंट व्हॅलीतील धरणाला विरोध केला. संकटग्रस्त सिंहपुच्छ माकडाचे ते घर होते. अखेर प्रकल्प रद्द झाला आणि जंगल वाचले. २० जून १९८७ रोजी सलीम अलींचे निधन झाले.

२०१६ मध्ये हाच माकडताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात आला. अचानक तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि काहींना रक्तस्राव ही त्याची लक्षणे. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. अशा भागात मेलेले माकड ही साथीची पहिली सूचना असते. ती वेळेवर मिळाली तर माणसे वाचतात.

हिंगोलीच्या शिवारात वानर दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. मात्र कुठेही मेलेले वानर वा माकड आढळले, तर हात लावू नये. ठिकाण, तारीख आणि संख्या लिहून घ्यावी आणि वन विभागाला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. जिवंत कळप दिसला तरी हीच नोंद उपयोगी पडते. त्यासाठी पदवी लागत नाही. सलीम अलींनाही लागली नव्हती.