विष्णू दिगंबर पलुस्कर

विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी झाला. बालपणी फटाक्यामुळे त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गायनविद्या संपादन केली. त्या काळी गायकाचा चरितार्थ बहुधा संस्थानिकांच्या मर्जीवर चाले. मिरजेच्या दरबाराचा आश्रय सोडून १८९६ मध्ये ते बाहेर पडले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. दरबारी गाणे सामान्य श्रोत्यांना खुले झाले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पुढे मुंबईतील विद्यालयाची वास्तू कर्जापायी लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले. वास्तू गेली, तरी गायकाला स्वकष्टावर मानाने जगता येते, हा विश्वास मागे राहिला.