लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाडी

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणून या अंकात एक अख्खी वसाहत उभी करणाऱ्या माणसाविषयी थोडं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली. मग यंत्रांची ड्रॉइंगं शिकून व्हीजेटीआयमध्ये मास्तर झाले. तिथे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून सरळ बेळगावात आले आणि सायकलींचं दुकान, पुढे कारखाना चालवू लागले. लोखंडी नांगर बनवला तर घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज! पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं गेली.

कारखान्याचा जम बसतोय तोच नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितलं. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला यमाईच्या देवळाचा मंडप बांधत होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंग आणि नाग! १९१० साली भाऊ रामूअण्णा आणि पंचवीसेक कामगारांची कुटुंबं घेऊन ते तिथे राहायला गेले. तीच किर्लोस्करवाडी.

अशा माळावर शिकलेली माणसं कुठून येणार? लक्ष्मणरावांनी आहेत त्यांच्यातूनच नेमणुका केल्या. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली, ते वाडीत कल्पक इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. बाहेरच्या लोकांशी सगळा व्यवहार त्यांच्याकडे. रात्रीच्या पहाऱ्याला तर तुकाराम रामोशी आणि पिर्‍या मांग, दोघंही दरोड्याची शिक्षा भोगून आलेले. आपल्याकडे साधा वॉचमन बदलायचा म्हटला तरी तीन मीटिंगा होतात! मला तर नांगरापेक्षा ही नजर मोठी वाटते.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, नांगरांचं काम अडलं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

१९२० मध्ये घरचा धंदा लिमिटेड कंपनी झाला. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आला आणि कारखान्यात रुजू झाला. हळूहळू कारभार पुढच्या पिढीकडे गेला. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. वाडी आजही आहे. मिरजेकडे रेल्वेने जाताना स्टेशनच्या पाटीवर किर्लोस्करवाडी हे नाव दिसतं.