कै. ताराबाई मोडक

मुलांस चांगले वळण कसे लावावे, हा प्रश्न घरोघरच्या आईबापांस व आम्हां शिक्षकांस नित्य पडतो. चुकल्यास छडी व साधल्यास खाऊ, हा त्यावरील जुना तोडगा होय. या तोडग्याचा ज्यांनी जन्मभर विचार केला, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस केळकर घराण्यात झाला. वडील सदाशिवराव हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे कन्येच्या शिक्षणास घरातून आडकाठी झाली नाही. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस आल्या व आमच्या विदर्भाशी त्यांचा संबंध जडला. संसारात मात्र त्यांस सुख लाभले नाही. नंतर राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे मुख्याध्यापकपद त्यांस मिळाले. जागा मानाची होती. परंतु भावनगर येथे गिजुभाई बधेका चालवीत असलेल्या बालमंदिराने त्यांचे मन ओढून घेतले, आणि १९२३ च्या सुमारास ती जागा सोडून त्या गिजुभाईंस जाऊन मिळाल्या.

या बालमंदिरात मारही नव्हता व बक्षिसेही नव्हती. त्याचे मूळ इटलीतील मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत होते. १९०७ साली रोम येथे त्यांनी काढलेल्या बालगृहात एक मौज घडली. एका हुशार मुलास मानाचे पदक दिले होते. तो कामात इतका गढला की पदक गळून पडले तरी त्याने त्याची पर्वा केली नाही. शिक्षा म्हणून बसवून ठेवलेल्या दुसऱ्या मुलाने ते मागितले, तेव्हा त्याने ते खुशाल देऊन टाकिले! काम करणाऱ्यास काम हेच बक्षीस झाले होते.

बक्षिसाने वर्तन बदलत नाही, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांस पेटीत कोंडून पाहिले. बाहेर अन्न दिसताच ती धडपडत, आणि जी हालचाल फळे ती पुढे लवकर साधे. पुढे त्याच शास्त्रज्ञास असेही आढळले की, शिक्षेचा परिणाम बक्षिसाइतका खात्रीचा नसतो. शिक्षेने मूल काय करू नये ते जाणते. काय करावे हे त्यास कोणी तरी दाखवावेच लागते. शिवाय छडीच्या धाकाने बसलेले मूल छडी दूर होताच उठते.

ताराबाईंची खरी कसोटी पुढेच लागली. १९२६ साली गिजुभाईंसह नूतन बाल शिक्षण संघ स्थापून व १९३६ साली दादरला शिशुविहार काढून झाल्यावर, १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम चालले. वेठबिगारीत ज्या लोकांनी मारच सोसला, त्यांच्या मुलांस धाकाने शाळेत आणणार कोण? आणि गुरे राखणाऱ्या व धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या पोरांस पदकाचे काय होय? ताराबाईंनी मुलांस दोष न देता शाळाच हलविली. ती वस्तीतल्या अंगणात भरे. गुराख्यांसाठी ती कुरणात भरे. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने व माती यांनी काम भागे. मुले आपण होऊन येऊ लागली.

१९६२ साली सरकारने ताराबाईंस पद्मभूषण दिले. पण त्यांचे काम त्यापूर्वीच उभे राहिले होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, १९७५ साली, देशभर बालविकास योजना सुरू होऊन अंगणवाडी हे नाव सर्वतोमुखी झाले. आमच्या मिहानच्या आसपासच्या खेड्यांतही ते आता लहानथोरांस ठाऊक आहे. २००९ च्या कायद्याने तर शाळेतील मार मनाच केला.

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक समारंभात बक्षीस मिळाल्यास आनंदाने घ्या. परंतु ते न मिळाले तरी जो अभ्यास तुम्ही सोडणार नाही, तोच तुमचा स्वतःचा झाला असे समजा. आणि पालकांस आमची विनंती ही की, मूल काम टाळीत असेल तर हात उगारण्यापूर्वी वा खाऊ पुढे करण्यापूर्वी, त्याच्या वाटेत काय आडवे येते ते एकदा पाहावे. ताराबाईंनी आम्हां शिक्षकांसही हेच शिकविले आहे.