साष्टीतला नाताळ आणि फादर स्टीफन्स

एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले जहाज २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला लागले, तेव्हा त्यातून तिशीचा एक इंग्रज उतरला. विल्टशायरमधील बुश्टन गावचे थॉमस स्टीफन्स मायदेश सोडून निघाले होते ते धर्मापायी. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये नाताळ होई. पण कॅथॉलिक पंथाच्या मिस्सेला कायद्याने मनाई होती. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले.

गोव्यात चित्र नेमके उलटे होते. जी उपासना मायदेशी चोरून करावी लागे, ती येथे राजसत्तेच्या आश्रयाने उघडपणे होई. दिवसही बदलला. १५८२ मध्ये पोर्तुगालने पोप ग्रेगरी यांची नवी कालगणना स्वीकारली. इंग्लंडने मात्र ती १७५२ पर्यंत दूर ठेवली. परिणामी गोव्यातला नाताळ इंग्लंडच्या दहा दिवस आधी येऊ लागला.

मात्र या उत्सवाला दुसरी बाजू होती. स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य ज्या साष्टी प्रांतात गेले, तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. हिंदूंच्या जाहीर सणांवर आणि धर्मग्रंथांवर बंदी आली होती. नवख्रिस्ती कुटुंबांना नवा सण मिळाला. पण त्याची उपासना लॅटिनमध्ये आणि त्यांचे कान घडलेले पुराणश्रवणावर. जुनी पुराणे काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही, असा प्रश्न स्टीफन्स यांच्याच ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो. राज्यकर्त्यांच्या बंदीची झळ सोसलेल्या धर्मगुरूसमोर तोच प्रश्न आता उलट बाजूने उभा होता.

बंदी त्यांनी दूर केली नाही. मात्र तिने निर्माण केलेली पोकळी ओळखली. भाषांचे त्यांना उपजत आकर्षण होते. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे त्यांनी १५८३ मध्येच भावाला कळवले होते. कोकणीचे व्याकरण त्यांनी रचले आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात बेथलेहेमची जन्मकथा ओवीच्या चालीवर येते. स्वर्गाला तेथे वैकुंठ म्हटले जाते. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये त्याचे वाचन होऊ लागले.

१६१९ मध्ये गोव्यातच स्टीफन्स यांचे निधन झाले. चाळीस वर्षांत ते इंग्लंडला परतले नाहीत. त्यांच्या हयातीतल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही; हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला. साष्टीच्या श्रोत्यांनी नाताळची कथा आपल्या भाषेत ऐकली, ती एका परदेशी माणसाच्या मराठीतून.