साष्टीचा पाहुणा : ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स

मार्गशीर्ष मास म्हणजे भगवंतांनी गीतेत आपली विभूती म्हणून गौरविलेला मास. गीताजयंती, दत्तजयंती यांच्या निमित्ताने गावोगाव सप्ताह बसतात आणि आम्हां कीर्तनकारांना उसंत राहत नाही. अशाच एका वर्षी नव्या मुंबईतील पावणे या गावी सेवेचा योग आला. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे हे गाव. एके काळी या पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर संसार चालत. आज सभोवती कारखान्यांची दाटी आहे. कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली, आणि एक वृद्ध आगरी गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. त्यांचा मुलगा कारखान्यात कामाला. त्याच्या जोडीला वसईकडचा एक ख्रिस्ती तरुण आहे. तो घरात आपल्यासारखीच मराठी बोलतो, आणि दर नाताळात त्याच्या घरून फराळाचा डबा येतो. सून तो आनंदाने ठेवून घेते, परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात किंतु असतो. हा डबा घ्यावा की नाही, हे बुवांनी सांगावे, एवढीच त्यांची पृच्छा होती.

आम्ही त्यांना निर्णय सांगितला नाही. एक चरित्र सांगितले. तेच आज नाताळच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो काळ त्या देशात मोठ्या धर्मकलहाचा होता. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर रोमच्या धर्मपीठास मानणाऱ्या कॅथलिक पंथाच्या उपासनेवर बंदी आली. पूर्वजांनी शतकानुशतके केलेली पूजा आता घराची दारे लावून, पहारे चुकवून करावी लागे. थॉमस पाउंड नावाचे एक श्रीमंत सद्गृहस्थ स्टीफन्स यांचे स्नेही होते. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश घ्यावा असा बेत ठरला. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरात त्यांनी संघाची दीक्षा घेतली.

तेथे त्यांच्या कानी हिंदुस्थानचे नाव पडले. संत फ्रान्सिस झेवियर यांची पूर्वेकडून गेलेली पत्रे युरोपात आदराने वाचली जात, आणि त्या पत्रांनी या तरुणाच्या मनाचा ठाव घेतला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच गलबतांचा तांडा निघाला, त्यात ते होते. विषुववृत्तापाशी वारा पडला की गलबते दिवसेंदिवस जागची हलत नसत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी वादळांशी गाठ पडे, पिण्याचे पाणी पुरत नसे, हिरड्या सुजवून माणसास मरणाच्या दारी नेणारा रोग तांड्यात पसरे. साडेसहा महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, ते गोव्यास उतरले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचे नाव घेतात. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडात छापले गेले आणि तेथील व्यापाऱ्यांनी ते मोठ्या कुतूहलाने वाचले.

दोनच महिन्यांनी त्यांचा या भूमीतील पहिला नाताळ आला. वय अवघे तीस. मागे राहिलेल्या मायदेशात आपल्या रीतीने हा सण करणे गुन्हा, आणि येथे मात्र तोच राज्यकर्त्यांचा सण. आपला नाताळ हा शब्ददेखील पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे. त्यांच्या भाषेतील जन्मवाचक नाताल शब्द कोकणच्या जिभेवर रुळला आणि मराठी झाला. पाद्री शब्दाची कुळकथाही तीच.

येथे आम्हांस थांबून एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कीर्तनकाराने अर्धे सत्य सांगू नये. स्टीफन्स ज्या साष्टी प्रांतात सेवेसाठी गेले, तो गोव्याचा साष्टी महाल. ठाण्याची साष्टी वेगळी, जरी दोहोंचे नाव सहासष्ट गावांवरून पडले असे सांगतात. या गोव्याच्या साष्टीतील शेकडो देवळे स्टीफन्स येण्याच्या सुमारे बारा वर्षे आधी, १५६७ मध्ये, पाडली गेली होती. श्रीमंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळास गेले, केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली, ते याच शतकाच्या उत्तरार्धात. आज वाचकांपैकी ज्यांची ती कुलदैवते आहेत, त्यांच्या पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात देव उचलून नदीपार नेले, तेव्हा ती कुळे टिकली. मराठी व कोकणी पोथ्यांचाही जाळपोळीत नाश झाला. ज्या केळोशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये श्रीकृष्णचरित्रकथा रचावयास घेतली, त्याच साष्टीत अर्ध्या शतकात कृष्णकथा उघडपणे सांगणे अशक्य झाले. मायदेशी ज्यांची स्वतःची उपासना हिरावली गेली, तेच स्टीफन्स अशा सत्तेच्या छायेत आले की जी दुसऱ्यांची उपासना हिरावून घेत होती.

१५८३ हे साल त्यांच्या आयुष्यातील फार कठीण साल ठरले. त्या जुलैत कुंकळ्ळी गावी नवे चर्च बांधण्यासाठी जागा पाहावयास गेलेल्या पाद्र्यांवर संतप्त ग्रामस्थ चालून गेले. येशूसंघाचे पाच जण मारले गेले. अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले रूदोल्फ अक्वाविवा त्यांत होते. सत्तेने सूड घेतला. गावच्या प्रमुखांना बोलणी करावयाची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. कुंकळ्ळीची देवी आता फातर्प्यास आहे, आणि अजूनही शिगम्यात तिची छत्री वाजतगाजत मूळ गावी येते. एका बाजूस स्टीफन्स यांचे गुरुबंधू गेले, दुसऱ्या बाजूस गावाचे कर्ते पुरुष गेले. अशा रक्ताने भिजलेल्या प्रांतात त्यांना राहावयाचे होते.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, गोव्यास आल्याच्या तिथीसच, त्यांनी आपले बंधू रिचर्ड यांना पत्र लिहिले. त्यात येथील भाषांविषयी त्यांनी केलेले निरीक्षण संस्कृताच्या अभ्यासकास चकित करणारे आहे. या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे, हे त्यांनी ओळखले होते. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे नाते मांडले ते १७८६ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षे आधी एका तरुण धर्मोपदेशकास त्याची चाहूल लागली होती. ज्या लोकांना आपण शिकवावयास आलो, त्यांची वाणी आपल्या पूज्य भाषांची बहीण आहे, हे ज्याच्या ध्यानी येते, त्याची दृष्टी पूर्वीसारखी राहत नाही.

आणि मग आला त्या वर्षीचा नाताळ. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी असे चार इंग्रज ओर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आणले गेले होते. त्यांच्याजवळ एलिझाबेथ राणीचे अकबरास लिहिलेले पत्र होते. पोर्तुगालचे राज्य तेव्हा स्पेनच्या राजाकडे आलेले, आणि स्पेन व इंग्लंड यांचे वैर वाढत चाललेले. हेर असल्याचा संशय त्यांच्यावर होता. परक्या देशात, परक्या भाषेत, त्यांना विचारणारे कोण?

स्टीफन्स त्यांच्या मदतीस धावले. वाचकांनी येथे क्षणभर विचार करावा. हे चौघे त्याच राणीचे प्रजाजन, जिच्या राज्यात स्टीफन्स यांचा जिवलग मित्र धर्मासाठी बंदिवासात पडला होता. मनात अढी धरावयाची तर कारण होते. निदान हात आखडून बसण्यास निमित्त पुरेसे होते. तरीही त्यांनी आणि त्यांच्या एका धर्मबंधूने खटपट करून दोन हजार डुकाटांच्या हमीसाठी जामीनदार मिळवून दिले. नगर सोडून जाऊ नये या अटीवर २२ डिसेंबर १५८३ रोजी त्यांची सुटका झाली. नाताळास तीन दिवस उरले होते. पुढे एप्रिलमध्ये त्यांतील तिघे गोव्यातून निसटले, चित्रकार स्टोरी मागे राहिला. फिच हे आग्रा, बंगाल असा मोठा प्रवास करून १५९१ मध्ये इंग्लंडास पोहोचले, आणि त्यांनी आपल्या वृत्तांतात या उपकाराची नोंद ठेवली. ज्याच्या जन्माचा उत्सव करावयाचा, त्याची शिकवण शत्रूवरही प्रेम करावे अशी आहे. त्या वर्षी स्टीफन्स यांनी ती कृतीत उतरविली.

त्यानंतरची तीन तपे त्यांनी साष्टीत वेचली. लोकांची बोली कोकणी, ती त्यांनी आत्मसात केली. एवढेच नव्हे तर तिचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये, राशोल येथे छापले गेले, आणि भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून ते ओळखले जाते. पुराणाची भाषा मात्र मराठी. नव्याने ख्रिस्ती झालेली माणसे जुनी पुराणे ऐकून वाढलेली. ती पुराणे आता त्यांना वर्ज्य झाली होती. मग आमची कथेची भूक भागावी कशी, आमच्यासाठीही एखादे पुराण का रचीत नाही, असा प्रश्न श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीगुरूला विचारतो, आणि त्यातूनच ख्रिस्तपुराणास आरंभ होतो. हे वाचताना आम्हांस नेहमी गहिवरून येते. माणसाचा देव बदलला, नाव बदलले, पोशाख बदलला, परंतु संध्याकाळी ओवी कानी पडल्यावाचून त्याच्या जिवाला चैन पडेना!

स्टीफन्स यांनी ती भूक ओळखली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची प्राचीन कथा, दुसऱ्यात येशूचा जन्म, चरित्र व बलिदान. गुरु-श्रोत्यांचा संवाद, शंका आणि निरसन ही सारी मांडणी आपल्या पुराणांचीच. स्वर्गासाठी वैकुंठ, प्रभूसाठी परमेश्वर, तारणासाठी मुक्ती असे आपले शब्द त्यात सहज नांदतात. ग्रंथारंभी त्यांनी रत्ने, फुले, पक्षी, तारे यांच्या उपमा देत मराठीचा जो गौरव केला आहे, तो मराठी जन्मतः बोलणाऱ्यांनीही क्वचितच तितक्या प्रेमाने केला असेल. ज्या हिवाळ्यात त्यांनी कैद्यांना जामीन मिळवून दिला, तो सरल्यावर शके १५०६ मध्ये पैठणास एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकाच काळी गोदातीरी आणि जुवारी नदीच्या परिसरात ओवीची सेवा चालली होती.

त्या ग्रंथात मूर्तिपूजेचे खंडनही आहे, हे आम्ही लपवीत नाही. स्टीफन्स आपल्या धर्माच्या प्रचारासाठी आले होते आणि अखेरपर्यंत प्रचारकच राहिले. त्या मताशी आमचा मेळ नाही. परंतु ज्या भाषेच्या पोथ्या जळाल्या, त्याच भाषेत त्यांनी पोथी लिहिली, याचे मोल आम्ही कमी लेखणार नाही.

आपला ग्रंथ देवनागरीत छापावा अशी त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमच्या संघप्रमुखांना तसे लिहिले. जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे ठसे लागतील ही अडचणही मांडली. ते काम झाले नाही, आणि १६१६ मध्ये राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत निघाले. मराठीतील हा पहिला छापील ग्रंथ मानला जातो. १६१९ मध्ये, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, त्यांनी गोव्यातच देह ठेवला. चाळीस वर्षांत ते मायदेशी परतले नाहीत.

ग्रंथाच्या भाग्यात मात्र विचित्र योग होता. १६४९ व १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला; परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्धच फर्मान काढले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या सत्तेच्या धर्मासाठी हे पुराण रचले गेले, तिच्याच भाषाद्वेषाची झळ त्यासही लागली! मग ते वाचविले कोणी? घराघरांतून हस्तलिखिते उतरवून जपणाऱ्या, उपवासाच्या काळात ते भक्तीने वाचणाऱ्या कोकण व कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांनी. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ते छापले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढली. साडेतीनशे वर्षांनी त्या साधूची इच्छा एका मराठी हिंदू संपादकाच्या हातून पूर्ण झाली.

पावण्याच्या त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले आणि थांबलो. आपल्या बोलीत पाहुण्यालाही पावणा म्हणतात. पाहुणा कोणाच्या गलबतातून आला हे विसरू नये. त्या गलबताने आपले काय नेले हेही विसरू नये. परंतु दारी आल्यावर तो आपल्या भाषेत बोलला, परक्या बंदिवानासाठी रदबदली करता झाला, आपल्या ओवीस त्याने मस्तकी धरले, तर त्याचा पाट मांडावयास हवा. अतिथीस देव मानावे हा श्रुतीचा आदेश आहे, आणि त्यात अतिथीची जात वा पंथ विचारलेला नाही.

वृद्ध गृहस्थ काही वेळ स्वस्थ बसले. मग म्हणाले की डबा तर आम्ही घेऊच, पण रिकामा परत कसा पाठवावा? सुनेला दत्तजयंतीचा प्रसाद त्यात घालावयास सांगतो. आमचे आख्यान तेथेच संपूर्ण झाले.