टोपीची पिन आणि बंद पडलेली गाडी



स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी मंडपाचे सामान घेऊन येणारी आपली जुनी पिकअप गाडी राऊच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हरच्या शेजारी मी बसले होते, म्हणून पुढचे सगळे डोळ्यांनी पाहिले. जवळच्या गॅरेजमधून एक वयस्कर मिस्त्री आले. बॉनेट उघडण्याआधी त्यांनी ड्रायव्हरला एकच गोष्ट विचारली : गाडी एकदम बंद झाली, की आचके देत देत? आचके देत, असे कळताच त्यांनी स्पार्क प्लगला हातसुद्धा लावला नाही. सरळ पेट्रोलची नळी सोडवली, फुंकली, आणि टाकीच्या तळाचा गंज बाहेर पडला. पंधरा मिनिटांत गाडी चालू झाली.

त्यांचा हिशेब सोपा होता. पेट्रोलच्या इंजिनाला चालण्यासाठी हवा, इंधन आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. ठिणगी गेली की इंजिन बहुधा एका क्षणात गप्प होते. इंधन कमी पडू लागले की ते आधी खोकते, दम तोडते, मग थांबते. म्हणजे बिघाड कुठे आहे हे गाडी बंद पडतानाच सांगून जाते, ऐकणारा पाहिजे. मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. आमच्या पुस्तकात ‘अंतर्दहन इंजन’ होते, ‘चूषण’ आणि ‘संपीडन’ होते, आणि ते मला तोंडपाठ होते. पण रस्त्यात उभ्या गाडीसमोर त्यातले काहीच उपयोगी पडले नाही.

परतताना मला बर्था बेंझ यांची आठवण झाली. त्यांनी १८८८ साली, जेव्हा जगात मिस्त्री नव्हते, गॅरेज नव्हते आणि पेट्रोल पंपही नव्हते, तेव्हा हेच काम रस्त्यावर उभे राहून केले होते.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्त्सहाइम गावी झाला. वडिलांचा सुतारकामाचा व्यवसाय होता आणि घरची स्थिती चांगली होती. तरुणपणी त्यांची ओळख कार्ल बेंझ या यंत्र-अभियंत्याशी झाली. कार्लजवळ बुद्धी होती, पैसा नव्हता. मानहाइम शहरात त्याने १८७१ मध्ये एका भागीदाराबरोबर कारखाना काढला, पण भागीदाराशी जमेना. तेव्हा बर्थाने वडिलांकडून आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि त्या पैशांतून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला गेला. लग्न पुढल्या वर्षी, २० जुलै १८७२ रोजी झाले. हुंडा हा शब्द आपल्याकडे ज्या कारणांनी ऐकू येतो ती सर्वांना ठाऊक आहेत. तो पैसा एका यंत्रशाळेत घालण्याचा निर्णय मुलीने स्वतः घ्यावा, हे मला विशेष वाटते.

पुढची काही वर्षे तंगीची होती. कर्ज होते, मुले लहान होती, आणि कार्लचे सगळे लक्ष एका दोन-स्ट्रोक इंजिनात अडकले होते. ते चालत नव्हते. १८७९ सालच्या शेवटच्या रात्री जेवणे झाल्यावर बर्थाबाईंनीच आग्रह धरला की कारखान्यात जाऊन पुन्हा एकदा प्रयत्न करू या. दोघे गेले, आणि त्या रात्री इंजिन चालू झाले. पुढे कार्लने चार-स्ट्रोक इंजिन बांधले, ते तीन चाकांच्या गाडीवर बसवले आणि २९ जानेवारी १८८६ रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटारगाडीचा जन्म सहसा याच तारखेपासून मोजतात.

गाडी झाली, पण घेणारा कोणी नाही. घोड्याशिवाय चालणारे, धडधडणारे, वास मारणारे हे वाहन लोक लांबूनच पाहत. कार्लचा स्वभाव असा की प्रत्येक भाग पूर्ण मनासारखा झाल्याशिवाय त्याला समाधान नसे. मानहाइमच्या आसपास थोडे फिरून गाडी पुन्हा कारखान्यात येई. बर्थाबाईंचे मत वेगळे होते. गाडी लांब जाऊ शकते हे कोणीतरी दाखवून दिल्याशिवाय ती विकली जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यात त्यांचा पैसा होता आणि संसार होता.

ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, त्यांनी १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ट या दोन मुलांना बरोबर घेतले आणि गाडी बाहेर काढली. जायचे होते माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे इंदूरहून उज्जैनला जाऊन परत येण्याइतके. त्या काळी मोटारीने एवढे अंतर कोणीच गेले नव्हते. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे होते.

गाडीत एकच आडवा सिलिंडर होता. इंजिन थंड ठेवण्यासाठी जे पाणी असे ते उकळून वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेत विहिरी-ओढ्यांवर थांबून पुन्हा पुन्हा भरावे लागे. इंधन म्हणून लिग्रॉइन नावाचे द्रव लागे, जे तेव्हा डाग काढण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळत असे. वीस्लोख गावात पोहोचेपर्यंत ते संपत आले. बर्थाबाईंनी तिथल्या औषधवाल्याकडून लिग्रॉइन विकत घेतले. म्हणून या दुकानाला जगातले पहिले पेट्रोल पंप म्हणतात.

मग बिघाड सुरू झाले. पहिला बिघाड आमच्या पिकअपसारखाच होता. इंधनाची बारीक नळी चोंदली. बर्थाबाईंनी आपल्या टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. दुसऱ्या वेळी दोष विजेत होता. ठिणगीच्या तारेवरचे आवरण घासून गेले होते, त्यामुळे वीज प्लगपर्यंत न जाता वाटेतच निसटत होती. त्यांनी आपल्या मोज्याचा पट्टा तारेला गुंडाळला आणि ठिणगी पुन्हा जागेवर आली. या दोन गोष्टी गमतीच्या म्हणून सांगितल्या जातात. चित्रांतही टोपीची पिन मोठी दाखवतात. मला मात्र पिनेपेक्षा तिच्या आधीचा क्षण मोठा वाटतो. एकदा नळी, एकदा तार : दोन्ही वेळा योग्य जागी हात गेला. पिन कुठे घालायची हे माहीत नसते तर पिनेचा काय उपयोग होता? ज्या यंत्रासाठी त्यांनी पंधरा-सोळा वर्षे काटकसर केली, ज्याच्याजवळ रात्री बसून राहिल्या, त्याची नाडी त्यांना कळत होती.

साखळी सैल झाली तेव्हा ब्रुखझाल गावच्या लोहाराने ती घट्ट करून दिली. उतारावर लाकडी ब्रेक झिजून गुळगुळीत झाले, तेव्हा एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना अशी रस्त्यावर सुचली. मोठे चढ आले की इंजिनाचा जोर पुरेना, मग मुलांना उतरून ढकलावे लागे. संध्याकाळी फोर्त्सहाइमला पोहोचल्यावर बर्थाबाईंनी कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने त्या परत आल्या.

आल्यावर त्यांनी काय काय कमी पडले ते कार्लला सांगितले. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेक चांगले हवेत. त्याप्रमाणे सुधारणा झाल्या. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले आणि हळूहळू मागणी वाढली. १८९९ साली बेंझ कारखान्यातून ५७२ गाड्या बाहेर पडल्या. तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा मोटार कारखाना होता. १९२६ मध्ये तो डाइम्लर कंपनीशी एक झाला. आपल्याकडच्या वयस्कर पालकांना टाटांचे ते जुने ट्रक आठवत असतील, ज्यांच्या तोंडावर तीन कोनांचा तारा असे. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ते बांधायला सुरुवात केली होती.

गेल्या पालकसभेत एका पालकांनी विचारले होते, की कार्यशाळेच्या तासाला मुलींना का बसवता, हात काळे होतात. त्या वेळी मी वेळापत्रकाचे कारण सांगून विषय टाळला. ते उत्तर बरोबर नव्हते, हे मला तेव्हाच कळत होते. आता विश्वस्त मंडळाच्या संमतीने असे ठरले आहे, की जुन्या पिकअपचे बॉनेट महिन्यातून एकदा नववीच्या सर्व मुला-मुलींसाठी उघडले जाईल आणि तेच मिस्त्री येऊन शिकवतील. हात धुण्यासाठी साबण शाळा देईल.

कार्ल बेंझ १९२९ मध्ये वारले. बर्थाबाई त्यानंतर १५ वर्षे लाडेनबुर्ग गावातल्या घरी राहिल्या. ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकला होता त्या कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद पद दिले. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, त्यांचे निधन झाले. २००८ पासून मानहाइम ते फोर्त्सहाइम आणि परत या त्यांच्या वाटेवर खुणेच्या पाट्या आहेत, आणि वीस्लोखच्या त्या औषधाच्या दुकानासमोर त्यांचे स्मारक आहे.